उबुंटू सर्व्हर २२.०४ वरून २४.०४ वर नेताना: आधी स्नॅपशॉट, मग अपग्रेड

उबुंटू सर्व्हर पहिल्यांदा बसवणाऱ्याला एक गोष्ट हमखास खटकते. डिस्क ५०० जीबीची आणि रूट फाइलसिस्टीम (जिथे सगळी प्रणाली राहते ती मुख्य जागा) मात्र १०० जीबीचीच. शोधाशोध केली की दोन ओळींचा तोडगा सापडतो: उरलेली सगळी जागा रूटला जोडून टाका. तोडगा चालतो, पण घाईने करू नका. ती जागा हरवलेली नाही. इन्स्टॉलरच्या नेहमीच्या मांडणीत एलव्हीएम (डिस्कची जागा एका ‘ग्रुप’मध्ये घेऊन त्यातून हवे तसे ‘व्हॉल्यूम’ कापून देणारी व्यवस्था) आधीच निवडलेलं असतं. डिस्क २०० जीबीपेक्षा मोठी असली तर रूटला १०० जीबी मिळतात, २० ते २०० जीबीच्या दरम्यान असली तर साधारण अर्धी जागा. बाकीची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते: पुढे व्हॉल्यूम वाढवता यावं म्हणून, आणि स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणीची अवस्था धरून ठेवणारी नोंद, घेता यावा म्हणून.

हा लेख त्या दुसऱ्या उपयोगाबद्दल आहे. समोर उदाहरण असं धरू: २२.०४ वर चालणारा एक साधा सर्व्हर, त्यावर एनजिनएक्स, पीएचपी, मायएसक्यूएल आणि एखाद्या संस्थेची वेबसाइट. तो २४.०४ वर न्यायचा आहे, आणि काही बिनसलं तर त्याच रात्री जसाच्या तसा मागे आणायचा आहे.

२४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आली, पण जुन्या एलटीएसवरून (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) नव्या एलटीएसवर जायचं दार उबुंटू दुरुस्त्यांसह येणारी पहिली पॉइंट आवृत्ती आल्यावरच उघडतं. २४.०४.१ ही आवृत्ती २९ ऑगस्ट २०२४ ला आली. दार उघडलं, आणि काही दिवसांतच उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीला ते तात्पुरतं बंद करावं लागलं, कारण अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच गंभीर दोष निघाला. म्हणजे चार महिने थांबून, सावधपणे पाऊल टाकणाऱ्यालाही परतीची वाट लागतेच.

एक सूचना. आज्ञा इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. ‘एलव्हीएस’सारखं नाव म्हणजे ती ती अक्षरं. मोठ्या-छोट्या अक्षरांचा घोळ नको म्हणून पर्याय शक्य तिथे पूर्ण शब्दांत दिले आहेत.

## स्नॅपशॉट नेमकं काय करतो

स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी डेटा कॉपी होत नाही, म्हणून तो एक-दोन सेकंदांत तयार होतो. त्यानंतर मूळ व्हॉल्यूमच्या एखाद्या तुकड्यावर पहिल्यांदा काही लिहायची वेळ आली, की एलव्हीएम त्या तुकड्यातला जुना मजकूर आधी स्नॅपशॉटच्या जागेत नेऊन ठेवतो आणि मगच नवं लिहू देतो. जुनं रूप हवं असेल तर बदललेले तुकडे स्नॅपशॉटमधून आणि न बदललेले मूळ जागेवरून घेऊन ते उभं करता येतं.

यातून चार गोष्टी निघतात, आणि नवख्याने त्या आधीच समजून घेतलेल्या बऱ्या.

स्नॅपशॉट अर्धा मूळ डिस्कवरच अवलंबून असतो. डिस्क गेली तर दोन्ही गेले. म्हणून तो बॅकअप नाही. बॅकअप दुसऱ्या मशीनवर हवाच.

स्नॅपशॉटला दिलेली जागा संपली तर तो बाद होतो. मूळ व्हॉल्यूमला काही होत नाही, अपग्रेड पुढे चालू राहतं, फक्त तुमची परतीची वाट गुपचूप नाहीशी झालेली असते. ही या पद्धतीतली सगळ्यात वाईट गोष्ट. समोर लाल अक्षरांत कुणी काही सांगत नाही.

एलव्हीएमला फाइली दिसत नाहीत, फक्त ब्लॉक दिसतात. फाइलसिस्टीमच्या दृष्टीने रिकाम्या असलेल्या ब्लॉकवर लिहिलं तरी त्यातला जुना, निरुपयोगी मजकूर इमानेइतबारे स्नॅपशॉटमध्ये जातो. म्हणून ‘बदललेल्या फाइली तीन जीबीच्या, मग चार जीबी पुरे’ हा हिशेब चुकतो. डाउनलोड झालेली पॅकेजेस, लॉग, तात्पुरत्या फाइली हे सगळं मोजलं जातं.

चौथं म्हणजे, स्नॅपशॉट असेपर्यंत लिहिण्याचा वेग उतरतो. दोन-चार तास चालतं. दोन महिने ठेवू नये.

## हद्दीच्या आत काय, बाहेर काय

खरी गोम इथे आहे, आणि घाईघाईत लिहिलेल्या मार्गदर्शनात नेमका हाच भाग गाळलेला असतो. स्नॅपशॉट एका लॉजिकल व्हॉल्यूमचा असतो, सर्व्हरचा नव्हे. आपल्या मांडणीत रूट व्हॉल्यूम आत येतं. /बूट हे मात्र एलव्हीएमच्या बाहेरचं वेगळं पार्टिशन असतं. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) मशीनवर /बूट/ईएफआय हे आणखी एक. कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि ग्रब (मशीन चालू होताना कर्नल उचलणारा प्रोग्रॅम) नेमके तिथे राहतात.

म्हणजे अपग्रेडनंतर रूट मागे आणलं, तरी /बूटमध्ये २४.०४ चा ६.८ कर्नल तसाच बसलेला असतो. ग्रब तोच उचलतो. रूट जुनं, त्यामुळे त्यात ६.८ ची मॉड्यूल्स (कर्नलचे सुटे भाग, ड्रायव्हर वगैरे) नाहीत. मशीन अर्धवट चालू होतं, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर सापडत नाही, आणि लांबून बसलेल्या माणसाला सर्व्हर मेला असं वाटतं. प्रत्यक्षात ग्रबच्या यादीतून जुना ५.१५ कर्नल निवडला की काम भागतं. म्हणून सर्व्हरचा कन्सोल हाताशी असल्याशिवाय हे काम सुरू करू नका. खोलीतला मॉनिटर-कीबोर्ड असो की होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमधला कन्सोल, एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) एकट्यावर भिस्त नको.

डेटाबेसची गोष्ट निराळी. /व्हार/लिब/मायएसक्यूएल रूटवरच असेल तर तोही रूटबरोबर मागे जाईल, आणि मधल्या काळात आलेल्या नोंदी, अपलोड, मेल सगळं पुसलं जाईल. डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर असेल तर तो मागे जाणार नाही. हे ऐकायला बरं वाटतं, पण नव्या आवृत्तीने एकदा हाताळलेल्या डेटा फाइली जुनी आवृत्ती स्वीकारेलच असं नाही. तेव्हा डेटाच्या व्हॉल्यूमचाही स्नॅपशॉट त्याच वेळी घ्या, सेवा बंद ठेवून.

## आधी पाहणी

```
एलएसबीएलके
सुडो व्हीजीएस
सुडो एलव्हीएस
```

पहिल्या आज्ञेत रूटसमोर ‘एलव्हीएम’ हा प्रकार दिसला पाहिजे आणि /बूट वेगळं दिसेल. दुसऱ्या आज्ञेत ‘व्हीफ्री’ हा रकाना बघा: ती तुमची मोकळी जागा. तिसऱ्या आज्ञेतून नावं कळतील. नेहमीच्या मांडणीत ग्रुपचं नाव उबुंटू-व्हीजी आणि व्हॉल्यूमचं उबुंटू-एलव्ही असतं. /डेव्ह/मॅपरमध्ये हीच नावं दोन-दोन जोडरेघांनी दिसतात, त्याने गोंधळू नका. तिथे दोन नावांच्या मधली रेघ एकेरी ठेवायची म्हणून नावातल्या रेघा दुहेरी करतात.

व्हीफ्री शून्य असेल तर कुणीतरी तो दोन ओळींचा तोडगा आधीच केलेला आहे. ईएक्सटी४ फाइलसिस्टीम चालू असताना लहान करता येत नाही, त्यामुळे जागा परत काढायची तर मशीन बंद ठेवून बाहेरून बूट करावं लागेल. आभासी मशीन असेल तर सोपा मार्ग म्हणजे तात्पुरती एक डिस्क जोडा, ‘पीव्हीक्रिएट’ आणि ‘व्हीजीएक्स्टेंड’ने ती ग्रुपमध्ये घ्या, आणि काम झाल्यावर ‘व्हीजीरिड्यूस’ने बाहेर काढा. बाहेर काढण्याआधी ती डिस्क उपटू नका.

एलव्हीएमच नसेल, जसं भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) बहुधा नसतं, तर होस्टिंगच्या पॅनेलमधला स्नॅपशॉट वापरा. तो पूर्ण डिस्कचा असतो, त्यामुळे /बूटची वर सांगितलेली भानगडच राहत नाही. शक्य असेल तर मशीन बंद करून घ्या. ओपनसुसे वापरणाऱ्यांचं नशीब याहून चांगलं: तिथे बीटीआरएफएस फाइलसिस्टीमवर स्नॅपर हे साधन पॅकेज बसवण्याआधी आणि नंतर आपणहून स्नॅपशॉट घेतं, आणि बूटच्या यादीतून जुनी अवस्था थेट निवडता येते. फ्रीबीएसडीत झेडएफएसची बूट एन्व्हायर्नमेंट ‘बीईसीटीएल’ने तयार होते आणि कर्नल तिच्या आतच असतो. झेडएफएसवाल्यांनी एवढंच पाळावं की नवी प्रणाली नीट चालते याची खात्री होईपर्यंत ‘झेडपूल अपग्रेड’ चालवायचं नाही. ते केलं की जुन्या प्रणालीला तो पूल उघडता येईलच याची हमी नाही, आणि ते मागे घेता येत नाही.

यापुढे आपण उबुंटू आणि एलव्हीएमच धरून चालू.

## जुनं घर आधी आवरा

अपग्रेडआधी २२.०४ स्वतः निरोगी हवी.

```
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड
सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह
सुडो रीबूट
```

रीबूट टाळू नका. कित्येक महिने चालू असलेला सर्व्हर मुळात पुन्हा उठतो का, हे अपग्रेडच्या आधी कळलेलं बरं. नाहीतर जुन्या दुखण्याचा दोष नव्या आवृत्तीवर जातो. ऑटोरिमूव्हमुळे जुने कर्नल जाऊन /बूटमध्ये जागाही होते.

बाहेरच्या रिपॉझिटरी (उबुंटूखेरीज इतरांचे पॅकेजसाठे) कोणत्या जोडल्या आहेत ते लिहून ठेवा. अपग्रेड त्या बंद करतं, आणि पुन्हा चालू करणं तुमच्यावर सोडतं. पीएचपी बाहेरून घेतलेलं असेल तर हा मुद्दा विशेष.

## हद्दीबाहेरच्या गोष्टींची सोय

डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एक फाइल:

```
सुडो मायएसक्यूएलडंप --ऑल-डेटाबेसेस --सिंगल-ट्रान्झॅक्शन --राउटिन्स --इव्हेंट्स > डेटा-आधी.एसक्यूएल
```

/बूटची प्रत:

```
सुडो टार --क्रिएट --वन-फाइल-सिस्टम --फाइल /रूट/बूट-आधी.टार --डिरेक्टरी /बूट .
```

शेवटचा टिंब विसरू नका. ‘वन-फाइल-सिस्टम’मुळे ईएफआयचं पार्टिशन यात येत नाही, आणि ते येऊ नयेच. ही टार फाइल स्नॅपशॉटच्या आधी रूटवर ठेवायची, म्हणजे मागे आल्यावरही ती जागेवर असेल. दोन्ही फाइली दुसऱ्या मशीनवरही पाठवा.

आता एक बारीक तपासणी. स्नॅपशॉट असलेलं रूट बूटच्या वेळी उघडायला कर्नलला डीएम-स्नॅपशॉट हे मॉड्यूल लागतं, आणि ते सुरुवातीच्या इनिट्रॅमएफएसमध्ये (रूट उघडण्याआधी कर्नल वापरतो त्या छोट्या तात्पुरत्या फाइलसिस्टीममध्ये) असावं लागतं.

```
एलएसइनिट्रॅमएफएस /बूट/इनिटआरडी.आयएमजी | ग्रेप डीएम-स्नॅपशॉट
```

एक ओळ आली तर ठीक. काहीच आलं नाही तर /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स या फाइलच्या शेवटी डीएम-स्नॅपशॉट एवढी एक ओळ लिहा आणि ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’ चालवा. मग वरची टार फाइल पुन्हा तयार करा, कारण /बूट बदललं.

## स्नॅपशॉट

साइटवर ‘काम चालू आहे’ची पाटी लावा आणि लिहिणाऱ्या सेवा थांबवा.

```
सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप एनजिनएक्स मायएसक्यूएल
```

एलव्हीएम स्नॅपशॉट घेताना फाइलसिस्टीम क्षणभर गोठवतो, त्यामुळे ती सुसंगतच मिळते. पण डेटाबेस मधल्याच वाक्यावर पकडला गेला तर मागे आल्यावर त्याला दुरुस्ती करत उठावं लागतं. तो बहुधा उठतोही. पण एका मिनिटात सेवा बंद करता येत असताना त्याची परीक्षा का घ्यायची?

```
सुडो एलव्हीक्रिएट --स्नॅपशॉट --नेम आधी२२ --साइज ३०जी उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही
```

नाव तुमच्या आवडीचं द्या, फक्त ‘स्नॅपशॉट’ या शब्दाने सुरू होणारं देऊ नका. ती नावं एलव्हीएमने स्वतःसाठी राखून ठेवली आहेत आणि तो सरळ नकार देतो. आकाराचं म्हणाल तर १०० जीबीच्या रूटला साध्या वेबसर्व्हरवर २० जीबी पुरतात, पण मोकळी जागा पडून असेल तर ३०-४० द्यायला काय जातं? काम झालं की ती परत मिळणारच आहे. इथे काटकसर करण्यात काही शहाणपणा नाही.

लगेच तपासा:

```
सुडो एलव्हीएस
```

यादीत आधी२२ दिसेल, त्याच्यासमोर ‘ओरिजिन’ रकान्यात उबुंटू-एलव्ही, आणि ‘डेटा%’ शून्याच्या आसपास. आत डोकावायचं असेल तर फक्त वाचण्यापुरता माउंट करा:

```
सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/आधी२२ /एमएनटी
एलएस /एमएनटी/ईटीसी
सुडो यूमाउंट /एमएनटी
```

याचा आणखी एक फायदा आहे. अपग्रेडनंतर सगळं ठीक असून एखादीच कॉन्फिग फाइल बिघडली असेल, तर सबंध सर्व्हर मागे न्यायची गरज नाही. जुनी फाइल इथून उचलता येते. रूट फाइलसिस्टीम एक्सएफएस असेल तर माउंटच्या पर्यायांत ‘नोयूयूआयडी’ही जोडावं लागतं, कारण मूळ आणि स्नॅपशॉट या दोघांची ओळखखूण एकच असते.

## अपग्रेड

```
सुडो डू-रिलीज-अपग्रेड
```

एसएसएचवरून चालवलं तर तो १०२२ या पोर्टवर एक जादा एसएसएच सर्व्हर उघडायची तयारी दाखवतो, म्हणजे मुख्य जोडणी तुटली तर दुसरं दार असावं. फायरवॉलमध्ये ते पोर्ट उघडायचं काम मात्र तुमचं.

दुसऱ्या खिडकीत हे चालू ठेवा:

```
सुडो वॉच एलव्हीएस
```

डेटा% हळूहळू चढताना दिसेल. सत्तरच्या पुढे जायला लागला तर थांबून बघत बसू नका, वाढवा:

```
सुडो एलव्हीएक्स्टेंड --साइज +१०जी उबुंटू-व्हीजी/आधी२२
```

अपग्रेड मधूनमधून प्रश्न विचारेल. तुम्ही बदललेल्या कॉन्फिग फाइलींबाबत ‘आपली ठेवू की नवी घेऊ’ असं विचारलं तर, नक्की माहीत नसताना, आपली ठेवा. शेवटी जुनी निरुपयोगी पॅकेजेस काढू का असं विचारेल, तेव्हा ‘नाही’ म्हणा. जुना ५.१५ कर्नल आज तरी /बूटमध्ये राहिलाच पाहिजे. ऑटोरिमूव्ह आठवड्याने चालवा. रीबूटच्या प्रश्नालाही आधी ‘नाही’ म्हणून एलव्हीएसमध्ये स्नॅपशॉट शाबूत आहे का ते बघा, मग स्वतः रीबूट करा.

## ठरवायची वेळ

रीबूट झाल्यावर साइट लोकांसाठी लगेच उघडू नका. स्नॅपशॉटकडे परत जाणं सोपं असतं ते फक्त पाटी लागलेली आहे तोवर. दारं उघडली, लोकांनी नोंदी भरल्या, की मागे जाण्याची किंमत दर तासाला वाढत जाते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्नॅपशॉट असूनही कुणाची वापरायची हिंमत होत नाही. म्हणून दोन तास राखून ठेवा आणि त्यातच निर्णय घ्या. कोणत्या चार गोष्टी चालल्याच पाहिजेत त्यांची यादी कागदावर आधीच हवी: लॉगिन, फॉर्म भरणं, मेल जाणं, रात्रीचा बॅकअप.

नवी एसएसएच जोडणी उघडून बघा, जुनी बंद करण्याआधी. २४.०४ मध्ये एसएसएच सॉकेटमार्फत सुरू होतं, त्यामुळे पोर्ट बदललेलं असेल तर ही तपासणी टाळू नका.

प्रत्येक बिघाडाला मागे पळायचं कारण नाही. २२.०४ मधलं पीएचपी ८.१ होतं, २४.०४ मध्ये ८.३ आहे. एनजिनएक्सच्या फाइलीत पीएचपी-एफपीएमच्या सॉकेटचा जुना पत्ता लिहिलेला असतो, आणि साइट ५०२ ही चूक दाखवायला लागते. पत्ता बदलला की झालं. पायथन ३.१० वरून ३.१२ वर जातं, त्यामुळे जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पुन्हा बांधाव्या लागतात. पोस्टग्रेस वापरत असाल तर जुना १४ चा क्लस्टर तसाच राहतो आणि शेजारी १६ येतं; डेटा हलवायची घाई नाही, आणि स्नॅपशॉट असेपर्यंत तर मुळीच हलवू नका. मागे जायचं ते वेबसाइटचा कोडच नव्या पीएचपीवर चालत नाही, एखादा ड्रायव्हर मशीन उठू देत नाही, किंवा कारण सापडत नाही आणि दोन तास संपलेत, अशा वेळी.

## मागे येणं

मशीन चालू आहे आणि तुम्ही आत जाऊ शकता असं आधी धरू.

पहिलं काम: /व्हार/लॉग/डिस्ट-अपग्रेड आणि /व्हार/लॉग/ॲप्ट हे दोन फोल्डर दुसऱ्या मशीनवर पाठवा. मागे आल्यावर अपग्रेडच्या लॉगसकट सगळं नाहीसं होतं, आणि मग ते का फसलं हे शोधायला हातात काहीच उरत नाही. पुढच्या खेपेला तुम्ही त्याच दगडावर ठेचकाळाल.

मग स्नॅपशॉट कुठे माउंट केलेला नाही ना ते बघून:

```
सुडो एलव्हीकन्व्हर्ट --मर्ज उबुंटू-व्हीजी/आधी२२
```

रूट वापरात असल्यामुळे मर्ज (स्नॅपशॉटमधलं जुनं मूळ व्हॉल्यूमवर परत ठेवणं) आत्ता होणार नाही, पुढच्या वेळी व्हॉल्यूम सुरू होईल तेव्हा होईल, असा संदेश येईल. तो दोष नव्हे, अपेक्षितच आहे. आता कन्सोलवर बसून रीबूट करा. ग्रबची यादी आपोआप दिसत नसेल तर बायोस मशीनवर शिफ्ट, यूईएफआयवर एस्केप दाबा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन ५.१५ ने सुरू होणारा कर्नल निवडा.

मशीन उठल्याबरोबर तुम्हाला जुनंच रूट दिसेल, मर्ज अजून मागे चालू असलं तरी. कुठला तुकडा कुठून वाचायचा हे एलव्हीएम सांभाळतो. खात्री करा:

```
यूनेम -आर
एलएसबी_रिलीज -ए
सुडो एलव्हीएस -ए
```

मर्ज पूर्ण झाला की आधी२२ यादीतून आपोआप नाहीसा होतो. मध्ये वीज गेली तरी पुढच्या बूटला तो उरलेलं काम हाती घेतो. एक लक्षात ठेवा: स्नॅपशॉट खर्च झाला. पुन्हा अपग्रेडचा प्रयत्न करायचा तर नवा घ्यावा लागेल.

आता /बूट. तिथल्या ६.८ च्या फाइली जुन्या रूटमधल्या पॅकेजच्या नोंदीत नाहीत, त्यामुळे ॲप्ट त्या काढणार नाही. हाताने काढाव्या लागतात. ‘एलएस /बूट’ने नावं बघा आणि ६.८ असलेल्या चारही फाइली (व्हीएमलिनझ, इनिटआरडी, कॉन्फिग, सिस्टम.मॅप) एकेक करून काढा. मग जुनी प्रत परत ठेवा:

```
सुडो टार --एक्स्ट्रॅक्ट --फाइल /रूट/बूट-आधी.टार --डिरेक्टरी /बूट --एक्सक्लूड=./ग्रब
सुडो अपडेट-ग्रब
```

ग्रबचा फोल्डर मी मुद्दाम वगळला आहे. ग्रबचा एक भाग डिस्कच्या सुरुवातीला किंवा ईएफआय पार्टिशनमध्ये असतो आणि त्याची मॉड्यूल्स या फोल्डरमध्ये. दोघं एकाच आवृत्तीचे हवेत. अपग्रेडने पहिला भाग नवा केलेला असताना मॉड्यूल्स जुनी आणून ठेवली, तर ‘सिंबॉल नॉट फाउंड’ म्हणत ग्रब तिथेच अडतो. नवा ग्रब जुन्या कर्नलला बिनतक्रार उठवतो, त्याला तसाच राहू द्या. आता एकदा कशालाही हात न लावता रीबूट करून ५.१५ आपोआप निवडला जातो याची खात्री करा, आणि मग पाटी उतरवा.

मशीन मुळीच उठत नसेल तर आधी ग्रबमधून जुन्या कर्नलचा प्रयत्न. तेही नाही जमलं तर उबुंटू सर्व्हरची २२.०४ ची आयएसओ लावून बूट करा, इन्स्टॉलरच्या पडद्यावर वरच्या मदत मेनूतून शेलमध्ये जा, आणि:

```
सुडो व्हीजीचेंज --ॲक्टिव्हेट वाय
सुडो एलव्हीकन्व्हर्ट --मर्ज उबुंटू-व्हीजी/आधी२२
```

इथे रूट कुणी वापरत नाही, त्यामुळे मर्ज ताबडतोब सुरू होतो आणि टक्केवारी दिसत राहते. तो पूर्ण होऊ द्या, आयएसओ काढा, रीबूट करून ग्रबमधून ५.१५ निवडा आणि /बूटची वरचीच आवराआवर करा.

हे सगळं पहिल्यांदा खऱ्या सर्व्हरवर करू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ६० जीबीच्या डिस्कवर २२.०४ नेहमीच्या मांडणीने बसवा. रूटला साधारण अर्धी जागा मिळेल, उरलेली मोकळी. तिथे अपग्रेड करा आणि काही बिघडलेलं नसतानाही मागे या. ग्रबच्या यादीत योग्य ओळ शोधणं, मर्जचा तो विचित्र वाटणारा संदेश वाचणं, या गोष्टी हातातून एकदा गेल्या की मध्यरात्री बोटं थरथरत नाहीत.

## सगळं ठीक असेल तर

स्नॅपशॉट काढून टाका, आणि तो त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी काढा. ‘असू दे, कामाला येईल’ म्हणून ठेवला तर तो लिहिण्याचा वेग खात राहील, भरत जाईल, आणि एक दिवस बाद होऊन पडेल. तोपर्यंत रूट वाढवायची वेळ आली तर तीही अडेल, कारण चालू स्नॅपशॉट असलेलं मूळ व्हॉल्यूम वापरात असताना वाढवता येत नाही.

```
सुडो एलव्हीरिमूव्ह उबुंटू-व्हीजी/आधी२२
```

नाव दोनदा वाचून मगच ‘वाय’ दाबा. ‘व्हीजीएस’मध्ये मोकळी जागा परत आलेली दिसेल. बाहेरच्या रिपॉझिटरी एकेक करून, नोबलसाठीचा (नोबल हे २४.०४ चं टोपणनाव) पत्ता टाकून, पुन्हा चालू करा. आठवडाभराने ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ चालवून जुनी पॅकेजेस काढा. डेटाबेसचा डंप आणि /बूटची टार दुसऱ्या मशीनवर महिनाभर राहू द्या. आणि रूट भरत आलंच असेल तर आता खुशाल वाढवा, फक्त पुढच्या अपग्रेडसाठी ३०-४० जीबी ग्रुपमध्ये मोकळे ठेवून.